आत्यांच्या गुडघ्याच्या मापाचा सोफा

माझा धंदा ब्लाउज शिवायचा. कोल्हापुरात शिवाजी पेठेत, जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर, बावीस वर्षं झाली. गळ्यात सदा टेप. तरी पहिला सोफा घेताना ती टेप मी फक्त भिंतीला लावली, घरातल्या माणसांना लावलीच नाही. ती चूक तीन वर्षं हप्त्यांसकट वापरली.

तो सोफा शोरूमचा. नाव कशाला लिहू, दिवाळीची ऑफर होती आणि आम्हालाच हौस दांडगी. एल आकाराचा, चॉकलेटी, बसलं की माणूस आत गडप. तिथं पाच मिनिटं बसून आम्ही तिघंही "काय मऊ आहे!" म्हणत उठलो. आमचा हॉल दहा बाय तेरा, त्यात माझं मशीन, टीव्ही, आत्यांचा देव्हारा. सोफा आला आणि मशीन दारात गेलं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, वय चौऱ्याहत्तर, उंची चार फूट दहा, दोन्ही गुडघे झिजलेले. त्या सोफ्याची बसायची खोली पंचवीस इंच. आत्यांनी पाठ टेकली की पाय लहान मुलासारखे अधांतरी, पाय टेकवले की पाठीमागं हातभर पोकळी. दीड वर्षात मधली सीट बसली. माणूस बसल्यावर जमिनीपासून उंची मोजली तर तेरा इंच. आत्या उठायच्या म्हणजे आधी सोफ्याचा हात, मग माझा हात, मग "आई अंबाबाई". एकदा ट्रायलला आलेल्या बाई टाचण्या लावलेल्या ब्लाउजात तिथंच बसल्या आणि उठताना बाही उसवली. ती फुकट शिवून दिली.

शेवटी एका दुपारी कात्री घेतली आणि सोफा उलटा करून खालचं काळं कापड फाडलं. आत इलॅस्टिकचे पट्टे, वीतभर अंतरानं, जुन्या परकराच्या नाडीसारखे सैल पडलेले. तेही नुसते स्टेपलरच्या पिनांनी फळीला मारलेले. फळ्या खोक्याच्या. बिलावर 'हाय डेन्सिटी फोम' असं लिहिलेलं, आकडा कुठंच नाही. ब्लाउजच्या पावतीवर मी 'चांगलं माप' असं लिहून दिलं तर गिऱ्हाईक पैसे देईल का?

नवा करायचा ठरला तेव्हा आधी माणसांची मापं घेतली. गुडघ्याच्या मागच्या वळीपासून जमीन: आत्या पंधरा इंच, आमचे हे सतरा. पाठीपासून गुडघ्याच्या वळीपर्यंत: आत्या सोळा, हे वीस. मधली मी. गुडघे दुखणाऱ्याला सीट वळीपेक्षा थोडी वर असली की उठताना जोर कमी लागतो, पण फार वर गेली की टाचा सुटतात. म्हणून माणूस बसल्यावर साडेसोळा इंच राहील असं ठरवलं. गादी वीस इंच खोल, तिच्यावर पाठीची उशी इंचभर पुढं येते, म्हणजे बसायला एकोणीस. आत्यांसाठी मागं तीन इंचाचा कडक लोड. यांना एखादा इंच कमी पडतो, पण हे कुठं सरळ बसतात? शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला, शिफ्ट संपवून आले की आडवेच. म्हणून आतली लांबी बहात्तर इंच धरली आणि हात चार-चार इंचाचे बारीक ठेवले. एकूण ऐंशी इंच. दहा फुटी भिंतीला चाळीस इंच उरले, त्यात मशीन बसलं.

मिस्त्री सापडले ते एका गिऱ्हाइकामुळं. पत्र्याची शेड, दोन कारागीर, मागं फोमचे थर. मी विचारलं, "परीक्षण लिहिणार आहे, तुमचं नाव टाकू का?" तर म्हणाले, "नको ओ वैनी, आहे तेच काम उरकंना." म्हणून नाव नाही.

त्यांच्याकडं गेल्यावर मीही आधी तेच केलं जे सगळे करतात, तळहातानं फोम दाबला. त्याला काही अर्थ नाही. हातानं दाबताना चार-पाच किलोचा भार पडतो, बसणारं माणूस साठ-सत्तर किलोचं. त्यापेक्षा दहा मिनिटं बसा आणि हात न टेकता उठून बघा. आत्यांना रिक्षानं नेलं, तीन नमुन्यांवर बसवलं. दुसऱ्यावरून त्या एकट्या उठल्या. तो नमुना ठरला.

आता फोमचं सांगते, कारण खरी गंमत इथं आहे. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं किलोमधलं वजन. 40 डेन्सिटी म्हणजे घनमीटरला 40 किलो, एवढं सरळ. त्यावरून फोम किती वर्षं तग धरेल याचा अंदाज येतो. कडक की मऊ ती गोष्ट वेगळी. तीच डेन्सिटी दोन्ही तऱ्हेची मिळते. मी वर चार इंच 40 चा कडक फोम आणि खाली एक इंच रिबॉन्ड, म्हणजे फोमच्या तुकड्यांचा दाबून केलेला थर, असं सांगितलं होतं. आमच्या पोरानं हिशेब मांडला: 24 बाय 20 बाय 4 इंचाचा तुकडा 40 चा असेल तर सव्वा किलो भरला पाहिजे, 32 चा असेल तर एक किलो. फोम कापून झाल्याचा मिस्त्रींचा फोन आला तेव्हा मी तिथं जाऊन एक गादी उचलली आणि शेजारच्या किराणा दुकानात काट्यावर ठेवली. दुकानदार बघतच राहिला. एक किलो वीस ग्रॅम. मिस्त्रींना सांगितलं तर आधी म्हणाले, "काटा चुकीचा असंल." मग साखरेचा एक किलोचा पुडा ठेवून दाखवला. त्यांनी फोमवाल्याला फोन लावला, दहा मिनिटं इरसाल बोलले, आणि पाच दिवसांनी दुसरा फोम आला. तो एक किलो दोनशे साठ भरला. मिस्त्रींनी फसवलं असं मी म्हणणार नाही, त्यांनाच फसवलं होतं. पण वजन केलं नसतं तर फसले असते मीच.

फोमखाली काय घालायचं यावर वाद झाला. मिस्त्री म्हणाले, कडक पाहिजे तर थेट प्लाय ठोकू. कडक होतं खरं, पण ते देवळाच्या पायरीवर बसल्यासारखं; अर्ध्या तासात माकडहाड बोलायला लागतं. मला झिगझॅग स्प्रिंगा हव्या होत्या. एका सीटला पाच, आडव्या तारेनं एकमेकींना बांधलेल्या, म्हणजे एकटी स्प्रिंग दबत नाही. फ्रेमचे कोपरे खिळ्यांवर न सोडता गोंद आणि स्क्रू, आतून तिकोनी ठोकळे. बाजूंना प्लाय लावला तो आयएस 710 चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का बघून. पाय सागवानी, सहा इंच, खालून केरसुणी जाते.

प्लायचा एवढा आग्रह माझ्या नणंदेमुळं. तिचं घर पंचगंगेकडच्या सखल भागात. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटाला इशारा, 43 फुटाला धोका, हे आकडे तिच्या घरात लहान पोरालाही पाठ. 2019 च्या पुरात तिचा सोफा गेला. जमिनीपर्यंत बंद पेटीसारखा होता, पाणी ओसरल्यावर प्लायचे पदर सुटून फुगलेले. तिनंच बजावलं, गाद्या सुट्या ठेव आणि खोळींना चेन लाव. वेळ आली तर निदान तेवढं माळ्यावर टाकता येतं. आमच्याकडं पाणी येत नाही, पण नातवंडांचं दूध तर सांडतं.

कापड मी स्वतः गांधीनगरहून आणलं, चौपन्न इंच पन्ह्याचं, नऊ मीटर. चेनिल दिसायला छान, पण त्याला लव असते; एक तुकडा उलटा लागला की सीट दोन रंगांची दिसते, आणि बसायच्या जागी लव झिजते. रेक्झिन उन्हाळ्यात पाठीला चिकटतं आणि काही वर्षांनी पापुद्रे निघतात. म्हणून घट्ट विणीचं, राखाडी, साधं. खोळी त्यांच्या शिंप्यानं शिवल्या त्या मात्र मला पसंत पडल्या नाहीत. पाव इंच मार्जिन, ओव्हरलॉक नाही, कोपऱ्यात पायपिंग ओढलेलं. सोफ्याला एवढं मार्जिन? तीनही खोळी उसवून अर्ध्या इंचावर परत शिवल्या, दोन रात्री गेल्या. ज्यांना शिवता येत नाही त्यांनी निदान खोळ उलटी करून शिलाई बघावी.

वेळेच्या बाबतीत मिस्त्री नापास. घटस्थापनेच्या आत देतो म्हणाले, दिला दसरा झाल्यावर. दसऱ्याला सोनं द्यायला आलेली सगळी मंडळी चटईवर बसली आणि आत्यांना खुर्चीत बसून नमस्कार घ्यावे लागले. आला तेव्हा एक पाय किंचित आखूड. तिसऱ्या फोनला माणूस आला, तोवर खाली पुठ्ठा. जिन्याचं माप घ्यायला मात्र मीच विसरले. वाड्याच्या लाकडी जिन्याच्या वळणावर सोफा अडकला. तालमीतल्या पाच पोरांनी दोर लावून गॅलरीतून वर ओढला. "काकू, जड का एवढा?" म्हणाली. मी म्हटलं, वजन करूनच घेतलाय. मग पाचजणांना मिसळ आणि ब्रेड, एकेकानं तीनदा कट मागून घेतला.

पहिले पंधरा दिवस हे कुरकुरले. "बाकडं आणलंस," म्हणायचे. शोरूमच्या रुतण्याची सवय जायला वेळ लागतो, आणि नवा फोमही जरा ताठ असतो. तिसऱ्या आठवड्यात ते त्यावर घोरायला लागले, तेव्हापासून तक्रार बंद. हात बारीक असल्यामुळं चहाचा कप ठेवायला जागा नाही, ही खरी अडचण. बाजूला स्टूल ठेवलंय. पाठ थोडी सरळ आहे, रात्री पिक्चर बघत लोळायचं असेल तर हा सोफा तुमचा नाही. शाहू स्टेडियमवर मॅच असली की पोराचे मित्र जमतात, सीटवर चारजण आणि दोन्ही हातांवर एकेक. हात अजून हललेले नाहीत.

अकरा महिन्यांनी परत टेप लावली. माणूस बसल्यावर सव्वासोळा, म्हणजे पाव इंच बसला. आत्या एकट्या उठतात. अंबाबाईला हाक मारतातच, पण ती आता सवय.

मिस्त्रींचे सत्तावीस हजार, कापडाचे तीन हजार दोनशे चाळीस. पहिल्याचे चौतीस गेले होते. मिस्त्रींनी हिशेब वहीच्या पानावर लिहून दिला. वॉरंटी म्हणाल तर त्यांचा फोन नंबर. जागेचं म्हणाल तर जुना भिंतीपासून सदतीस इंच पुढं यायचा, हा अठ्ठावीस. अख्खी वीत सुटली, आणि ट्रायलला आलेल्या बाईला आता आरशासमोर वळता येतं.

जुन्याला भंगारवाला आला. उलटापालटा करून फळ्या बघितल्या, चारशे म्हणाला, वर "फोम तुमच्याकडंच ठेवा" म्हणाला. पोरानं त्याचंही वजन करून डेन्सिटी काढली, अठराच्या आसपास. त्याचे तुकडे करून मी टाचण्या खोचायच्या उशा शिवल्या. त्या कामाला फोम एकदम झकास आहे.