बाळाच्या इसबावरची "हर्बल" क्रीम आणि आमची झालेली फसवणूक

तान्ह्या बाळांच्या आयांनो, लांब लिहितेय पण पूर्ण वाचा, आणि घरात बिनलेबलची क्रीमची डबी असेल तर नक्कीच वाचा.

आमच्या लेकाला चौथ्या महिन्यापासून एक्झिमा, म्हणजे आपण इसब म्हणतो तोच. दोन्ही गाल लालभडक, पाणी सुटलेले, नाशिकची थंडी पडली की अजूनच वाढायचं आणि रात्रभर गोधडीला गाल घासून घासून रडायचा. डॉक्टरांनी मॉइश्चरायझर आणि उठलं की थोडे दिवस लावायला सौम्य मलम दिलेलं, फरक पडायचा पण परत यायचं. अशात आयांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका बाईंचा मेसेज आला, आधीचे-नंतरचे फोटो, "कडुनिंब, मंजिष्ठा, नो स्टिरॉइड, मुळापासून बरं". फोनवर इतक्या आपुलकीने बोलल्या, बाळाचं नाव काय, झोपतो का नीट. पैसे त्यांच्या पर्सनल नंबरवर यूपीआयने, आणि कुरियरने आली एक पांढरी डबी, वर फक्त फुलाचं स्टिकर.

दोन रात्रीत गाल लोण्यासारखे मऊ. सासूबाईंनी तर त्या बाईंना फोन करून आशीर्वाद दिले. पण लावायचं थांबवलं की आधीपेक्षा जास्त भडकायचं. विचारलं तर म्हणे आतली उष्णता बाहेर पडतेय, कोर्स अर्धवट सोडू नका, आणि मग पुढची डबी "स्ट्राँगवाली", अर्थातच महाग. असे महिने गेले. बाळाचे गाल फुगले, कपाळावर लव आली, येणारा जाणारा म्हणायचा काय छान बाळसं धरलंय!

लसीच्या वेळी बालरोगतज्ज्ञांनी चार्ट काढला तर वजन चढतंय आणि उंची तिथल्या तिथे. त्यांनी लगेच विचारलं, अंगाला काय लावता? सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड, तपासायला लावलं, ते खूपच कमी आलं. क्रीममधून स्टिरॉइड अंगात जात होतं म्हणून बाळाच्या शरीराने स्वतःचं बनवणं कमी केलेलं. स्किनच्या डॉक्टर म्हणाल्या अशा डब्यांमध्ये क्लोबेटासॉल सापडतं, ते सगळ्यात जोरदार गटातलं स्टिरॉइड, मोठ्या माणसालाही सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त लावू नये असं. बाळाची कातडी पातळ, वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे कितीतरी जास्त शोषलं जातं, लंगोटाखाली तर विचारूच नका.

मला सगळ्यात चीड कशाची येते सांगू, डॉक्टरने दिलेल्या हायड्रोकॉर्टिसोनची, म्हणजे सौम्य स्टिरॉइड मलमाची, आपल्याला भीती घालायची आणि त्याच भीतीवर त्याहून कैक पटीने कडक स्टिरॉइड गुपचूप विकायचं. सांगितल्याप्रमाणे लावलं तर सौम्य मलमाने बाळाला असं काही होत नाही, डॉक्टरांनी आम्हाला हे दहा वेळा समजावलं.

त्या बाईंना रिपोर्ट पाठवला तर म्हणाल्या तुमच्या डॉक्टरांना आयुर्वेदाचा राग आहे, आणि ब्लॉक केलं. पैसे गेलेच. पण खऱ्या आयुर्वेदिक औषधावरसुद्धा बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर, घटक हे सगळं छापावंच लागतं. ते नसेल तर फुकट दिली तरी घेऊ नका. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करायची, टोल फ्री १८००-२२२-३६५, आणि पैशासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५. पेमेंटचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट डिलीट करू नका, आम्हाला तेच उपयोगी पडले.

आता आमचं साधंच चाललंय. कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत अंघोळ, डाळीचं पीठ नाही, उटणं नाही, अंग टिपून ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर भरपूर, दिवसातून परत एकदा, सुती कपडे, नखं कापलेली. इसब अजून अधूनमधून उठतो. बहुतेक मुलांचा वाढत्या वयात कमी होतो असं डॉक्टर म्हणतात, पण "मुळापासून बरं" असं त्यांनी कधीच म्हटलं नाही.

आणि हे वाचून घाबरून डबी लगेच कचऱ्यात टाकू नका प्लीज!! बरेच दिवस लावत असाल तर एकदम बंद करणं धोक्याचं आहे, आमचंही डॉक्टरांनी हळूहळू उतरवलं. डबी घेऊन डॉक्टरकडे जा, तपासणीला तीच लागते. मधेच बाळ सुस्त पडलं, दूध घेईना, उलट्या किंवा ताप आला तर थेट हॉस्पिटल गाठा आणि आत शिरल्याबरोबर सांगा की अशी अशी क्रीम लावत होतो.