‘इन्टू द वूड्स’: १९९१चं नाट्यचित्रण पाहावं की २०१४चा सिनेमा?

स्टीव्हन सॉन्डहाइम यांचं संगीत आणि जेम्स लपाइन यांची संहिता असलेलं हे संगीत नाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर १९८७ साली आलं. सिंड्रेला, लाल टोपीवाली, जॅक, रपुन्झेल ही परीकथांतली पात्रं एकाच जंगलात भेटतात आणि मनातलं मिळाल्यावर त्याची किंमत मोजतात.

दिसायला रॉब मार्शल यांचा सिनेमा उजवाच. राजवाड्याच्या पायऱ्यांवर सिंड्रेलाचा जोडा चिकटतो, काळ थांबतो आणि त्या थांबलेल्या क्षणात ती गाण्यातून निर्णय घेते. रंगमंचावर ती हे घडून गेल्यावर सांगते. इथे सिनेमानं बाजी मारली, आणि मेरिल स्ट्रीपची चेटकीणही जबरदस्त आहे.

पण काळोख? तो मूळ प्रयोगातच. पहिल्या अंकाअखेर सगळे सुखी होतात, मध्यंतर होतं, प्रेक्षक निर्धास्त होतो. मग राक्षसीण येते. जिवाच्या भीतीनं ही पात्रं चक्क निवेदकालाच तिच्या हवाली करतात! गोष्ट सांगणाराच गेला, आता पुढचं कोण सांगणार? सिनेमात निवेदन बेकर (गोष्टीतला पाववाला) करतो, त्यामुळे हा घाव नाहीच. मध्यंतर नसल्यानं उत्तरार्ध लांबल्यासारखा वाटतो. रंगमंचावर रपुन्झेल चिरडली जाते, सिनेमात राजपुत्राबरोबर निघून जाते. बेकर बापलेकांचं ‘नो मोअर’ हे गाणंही सिनेमात गाळलं, याची मला फार हळहळ वाटते.

माझं मत नाट्यचित्रणाला. त्यात बर्नाडेट पीटर्सची चेटकीण आहे, आणि बेकरच्या बायकोच्या भूमिकेसाठी टोनी हा नाट्यपुरस्कार मिळवणारी जोआना ग्लीसनही.