सरसकट मदत की कामागणिक आकारणी?

होस्टिंग कंपनी, म्हणजे आपली वेबसाइट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवणारी कंपनी, निवडताना जागा, वेग आणि दर यांची तुलना सगळेच करतात. मदतकक्षाचा भार कोणावर टाकला आहे, हे मात्र सहसा पाहिले जात नाही. ढोबळमानाने दोन पद्धती आढळतात. एकीत ठरावीक वार्षिक शुल्कात सगळी मदत मिळते, अगदी हॅक झालेल्या साइटची साफसफाईसुद्धा. दुसरीत सर्व्हरचा बिघाड कंपनी विनामूल्य निस्तरते, पण मालकाच्या दुर्लक्षामुळे साइटच बिघडली असेल, तर दुरुस्तीचे वेगळे पैसे लागतात. मी दोन्हींचा ग्राहक राहिलो आहे.

पहिल्या पद्धतीची बाजू लंगडी नाही, कारण दुर्लक्ष म्हणजे नेहमी आळसच असतो असे नाही. साइट बांधून देणारा केव्हाच निघून गेलेला असतो, ॲडमिनचा पासवर्ड कोणाकडेच नसतो आणि सूचनांचे ईमेल कोणी न उघडणाऱ्या पत्त्यावर साचत असतात. अशा मालकाच्या हाती ऐन अडचणीत बिल ठेवणे कठोरच वाटते. अर्थात, वर्डप्रेस या साइट बांधण्याच्या प्रणालीच्या किरकोळ आवृत्त्या २०१३ पासून आपोआप बसतात आणि प्लगिनसाठीही (साइटला जोडायच्या जादा सुविधांसाठीही) २०२० पासून तशी सोय एका क्लिकवर आहे, त्यामुळे ‘जमले नाही’ ही सबब पूर्वीइतकी टिकत नाही.

मला खटकले ते पैशांमुळे नव्हे. सरसकट पद्धतीत मी त्रुटीचा लॉग (सर्व्हरने ठेवलेली बिघाडाची नोंद) जोडून आणि प्लगिन अद्ययावत असल्याचे स्पष्ट लिहून तिकीट, म्हणजे मदतकक्षाकडे तक्रार, नोंदवले, तरी पहिले उत्तर ठरलेलेच येई: सर्व प्लगिन अद्ययावत करा, कॅशे (साठवलेल्या जुन्या प्रती) साफ करा आणि पुन्हा कळवा. त्यात त्या कर्मचाऱ्याचा दोष असावा असे मला वाटत नाही. रांगेत बहुसंख्य साइट वाऱ्यावर सोडलेल्या असतील, तर पहिले उत्तर त्यांच्याच मापाने बेतले जाणार. पण इतरांच्या हलगर्जीपणाचा संशय दर वेळी आपल्यावर यावा आणि तो दूर करण्यात दिवस जावा, हे मला कोणत्याही जादा आकारणीपेक्षा अधिक अन्यायाचे वाटले.

कामागणिक आकारणीत उलटे घडते. पैसे कोणी द्यायचे हे ठरवण्यासाठी का होईना, समोरच्याला आधी लॉग वाचावाच लागतो, आणि निम्मे उत्तर बहुधा तिथेच सापडते.

या पद्धतीतही एक मेख आहे: दोष ठरवणारा आणि बिल पाठवणारा एकच असतो. म्हणून पूर्वसूचनेचे कलम तपासून घ्यावे. डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी (साइटच्या नावासाठी) आयकॅन या डोमेन-व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेच्या नियमानुसार नोंदणी करणाऱ्या कंपनीला मुदतीपूर्वी सुमारे एक महिना आणि एक आठवडा, तसेच नूतनीकरण न झाल्यास मुदतीनंतर पाच दिवसांच्या आत स्मरणपत्र पाठवावे लागते. हा नियम डोमेनपुरता आहे. पीएचपी, म्हणजे वर्डप्रेस ज्या प्रोग्रामिंग भाषेवर चालते तिची, जुनी आवृत्ती बंद करताना किती आधी कळवायचे, हे कंपनीच्या अटींवरूनच कळेल. पीएचपी ७.४ ला सुरक्षा दुरुस्त्या मिळणे नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबले. अशा आवृत्तीवरची साइट आगाऊ न कळवता मोडू देऊन दुरुस्तीचे पैसे मागणारी कंपनी मी तरी टाळेन.

साइटकडे कोणीच पाहणार नाही हे आधीच ठाऊक असेल, तर सरसकट मदत घेणेच कदाचित शहाणपणाचे ठरेल. अधूनमधून का होईना, लॉगिन करून अपडेट पाहणाऱ्याने मात्र दुसऱ्या पद्धतीच्या अटी आधी वाचाव्यात.