क्रौंचांच्या आजारांवरील कार्यशाळा: सकाळ सरस, दुपार उणी

कोल्हापुरात दसरा चौकाजवळच्या एका सभागृहात नुकतीच झालेली, क्रौंचकुळातील (सारस ज्या कुळातला, त्या) दुर्मीळ पक्ष्यांच्या आरोग्यावरील सशुल्क कार्यशाळा सहाशे रुपयांत महाग नक्कीच नव्हती. मात्र ती पशुवैद्यकांसाठी होती की पक्षीनिरीक्षकांसाठी, हे आयोजकांनी आधी ठरवायला हवे होते.

सकाळचे सत्र उत्तम झाले. प्रथिनांचा खुराक जास्त झाला की पिल्लाचे वजन भराभर वाढते, लांबसडक पायांना तो भार पेलवत नाही आणि पाय वाकतात, म्हणून संगोपन केंद्रांत खुराकाइतकेच पिल्लांना चालवण्यालाही महत्त्व असते, हे वक्त्यांनी छायाचित्रांसह नीट समजावले. पेषणीत, म्हणजे दाणा दळणाऱ्या जठराच्या भागात, आडव्या पडलेल्या खिळ्याचा एक्स-रे पडद्यावर आला तेव्हा सभागृहात कुजबुज झाली. चकाकणारी वस्तू दिसली की उचलून गिळायची, ही या पक्ष्यांची खोड. त्यामुळे कुंपणाची डागडुजी झाल्यावर तिथली जमीन झाडून पाहावी लागते.

अमेरिकेतील पॅटक्सेंट या वन्यजीव संशोधन केंद्रातील 1984 सालची घटना सर्वांत परिणामकारक ठरली. डासांमार्फत पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूने तिथल्या हूपिंग क्रेन या दुर्मीळ जातीच्या 39 क्रौंचांपैकी 7 दगावले, आणि त्याच आवारातील इतर जातींचे क्रौंच मात्र ठणठणीत राहिले. 1941 मध्ये ज्या जातीचे जेमतेम वीस-बावीस पक्षी उरले होते, तिच्या बाबतीत सात हा आकडा लहान नव्हे.

जेवणाची सुट्टी लांबल्याने दुपारचे सत्र आटोपते घेण्यात आले. इस्रायलच्या हुला खोऱ्यात 2021 च्या अखेरीस बर्ड फ्लूने हजारो क्रौंच मेले. पाणी आणि दाणा एकाच जागी मिळाला की थवे दाटीने उतरतात आणि संसर्गाचे फावते, एवढे सांगून विषय संपला. उजनीवर येणाऱ्या कांड्या करकोच्यांविषयी, तेही क्रौंचच असून, चकार शब्द नाही. भरतपूरला आल्ड्रिन या कीटकनाशकाने सारस दगावले होते, तेही राहून गेले; उसाच्या आणि फवारणीच्या या मुलखात त्यावर तासभर बोलता आले असते. मेलेला पक्षी आढळल्यास उघड्या हाताने उचलू नये, वन विभागाला किंवा पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे, ही खरी कामाची सूचना चहाचे कप गोळा होत असताना देण्यात आली. सोबतची पुस्तिका संपूर्ण इंग्रजीत आहे.

पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी पुढच्या खेपेस डोळे झाकून नाव नोंदवावे. निव्वळ पक्षीनिरीक्षकांनी मात्र दुपारच्या सत्राचा तपशील आधी मागवावा आणि मगच पैसे भरावेत.