बेळगावजवळच्या खानापूरचा रविवारचा मातीकामाचा क्लास, चार रविवार करून आल्यावर लिहितेय

आधीच सांगते, काकांचं नाव आणि नंबर इथं टाकत नाहीये, त्यांनीच नको म्हणून सांगितलंय कारण अंगणात सहा माणसांच्या वर जागा नाही. खानापुरात उतरून रविवारी माती शिकवणारे कुंभारकाका कुठं राहतात म्हणून विचारलं की रिक्षावाले बरोबर आणून सोडतात, मला तरी तसंच सोडलं.

मी बेळगावला उद्यमबागेत एका फाउंड्रीच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. मागचं सव्वा वर्ष आई अंथरुणावर होती, ऑफिस आणि आई एवढंच चाललेलं. आता ती काठी घेऊन घरात फिरते, देवाची कृपा, पण माझंच काहीतरी बिनसलेलं, पहाटे चारला औषधाच्या वेळेला जाग यायची आणि आता औषध नाही हे कळूनसुद्धा परत झोप लागायची नाही. मैत्रिणीनं ध्यानाचं ॲप घालून दिलं, दहा-बारा दिवस केलं, डोळे मिटले की गोळ्यांची डबीच दिसायची. मग मावसबहीण म्हणाली, तुझ्या हाताला सवय लागलीय गं सतत काहीतरी करायची, हातालाच काहीतरी दे. तिनंच हा क्लास सांगितला.

खानापूर आणि माती हे आपल्याकडं काय नवीन नाही, कौलं-विटांच्या भट्ट्या आहेतच आणि खादी आयोगाची कुंभारकामाची ट्रेनिंग संस्थाही तिथंच आहे. पण मी मातीला हात लावला होता तो लहानपणी बेंदराला बैल करताना, त्यानंतर थेट आत्ता.

वेळ सकाळी दहा ते दीड म्हणतात, सुटेस्तोवर अडीच होतात. फी एका रविवारचे ५०० रुपये, चार रविवार एकदम भरले तर १८००. त्यात माती, भाजणं, चहा आणि काकींचे पोहे सगळं आलं. बेळगावहून २५-२६ किलोमीटर, बसनं गेलात तरी चालतं, मी सकाळच्या रेल्वेनं जायची, देसूर, इदलहोंड आणि तिसरं खानापूर.

पहिला तासभर चाक नाहीच. नुसती माती मळायची, कणीक मळतो तशी पण तळव्याचा जोर पुढं देऊन, परत घडी घालून, परत जोर. आत हवेचे बुडबुडे राहिले तर चाकावर भिंत हलते म्हणून. मला वाटलं हे काम आमच्याकडून उगाच करून घेतायत, पण त्या मळण्यातच खांदे खाली आले माझे, कितीतरी महिन्यांनी. काका सगळ्यांना एकच कन्नड शब्द म्हणत फिरतात, "निधान, निधान," म्हणजे सावकाश. आमच्या बॅचला हुबळीकडचं एक जोडपं होतं त्यांना कन्नडमधून आणि आम्हाला मराठीतून सांगायचे, पण निधान दोघांनाही तेच.

मग चाक. एक मोटरचं आहे, एक हातानं काठीनं फिरवायचं जुनं. गोळा चाकाच्या बरोबर मधोमध बसवणं हेच सगळ्यात अवघड, कोपर मांडीला टेकवून अंग स्थिर ठेवलं तरच बसतो, नुसत्या हाताच्या ताकदीनं बसत नाही. मला दोन रविवार लागले. तिसऱ्या रविवारी पहिल्यांदा एक सरळ वाटी वर आली आणि मला एवढा आनंद झाला की मी काकांना हाक मारली. ते आले, बघितलं, चांगलं झालंय म्हणाले आणि तार घेऊन वरून खालपर्यंत मधोमध चिरली.

मला खरंच रडू आलं. काका म्हणाले, "अक्का, भिंत बघा आता. वर पातळ, खाली केवढी जाड. ठेवली असती तर कळलं असतं काय तुम्हाला?" आणि खरंच, कापलेल्या बाजूनं बघितलं तर बुडाशी बोटभर जाडी आणि काठाला कागदासारखी. असं भांडं वाळताना काठ आधी वाळतो, बूड ओलंच राहतं, मग ताणानं चीर जाते. त्या दिवशी मी आणखी तीन वाट्या केल्या आणि तिन्ही स्वतःच्या हातानं कापल्या. तिसरी कापताना काही वाटलं नाही, फक्त भिंत बघितली. सव्वा वर्षात माझ्या हातनं काही चुकलं तर किती मोठी गोष्ट असायची, डोस चुकला, पथ्य चुकलं, रात्रभर डोक्यात तेच. इथं चुकलं की कापायचं, बघायचं, परत मळायचं, माती तीच. भाजायच्या आधीची माती कितीही वेळा परत मळता येते, एकदा भट्टीत साधारण ६०० अंशाच्या पुढं गेली की मात्र ती परत चिखल होत नाही. हे मला कुणी पुस्तकातून सांगितलं असतं तर शिरलं नसतं, हातानं केलं म्हणून शिरलं.

पण मला सगळ्यात उपयोगाचं जे मिळालं ते काकींकडून, चाकाशिवायचं. काकी सांगत होत्या की त्यांच्यात आधी बायकांनी चाकाला हात लावायचा नाही, माती कालवणं, थापटणं, रंगवणं सगळं बायकांचं पण चाक पुरुषाचं. आता त्यांची सून बसते चाकावर, काकींनी स्वतः मात्र आयुष्यभर हातावरच केलं. लिंबाएवढा गोळा घ्यायचा, मधे अंगठा घालायचा, आणि फिरवत फिरवत चिमटीनं दाबत जायचं, वाटी होते. एवढंच. मी दोन किलो माती विकत आणली, ८० रुपये दिले, प्लास्टिकच्या पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलीय, रात्री जेवणं झाल्यावर वीस मिनिटं ओट्यावर बसते. हात मातीत असल्यावर मोबाईल घेता येत नाही हा एक फायदा, आणि दुसरा म्हणजे आईपण आता शेजारी बसून गोळे करते. तिचा उजवा हात अजून नीट मिटत नाही पण मऊ माती दाबता येते तिला. हे उपचार आहेत असं मी म्हणत नाही, तिची फिजिओथेरपी वेगळी चालूच आहे, पण माती हातात असली की ती स्वतःहून बोलते, माहेरच्या गोष्टी सांगते.

घरी करणार असाल तर एक लक्षात ठेवा, सुकलेल्या मातीची धूळ केरसुणीनं झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा. त्या धुळीत सिलिका असते, फुफ्फुसाला वाईट. काका हे पहिल्याच दिवशी सांगतात, मला आवडलं.

आता तक्रारी. बसायला पाट आहेत, खुर्च्या नाहीत, कंबर आणि गुडघे दुखणाऱ्यांचे हाल होणार, त्यांनी आधी विचारून जावं. बाथरूम घरचंच, स्वच्छ आहे पण एकच. आणि मुख्य म्हणजे भांडी हातात मिळायला वेळ लागतो. पावसाळ्यात तर खानापूरचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, वाळायलाच तीन आठवडे. घाई करून ओलसर भांडं भट्टीत घातलं तर आतल्या पाण्याची वाफ होऊन फुटतं, म्हणून काका घाई करत नाहीत ते बरोबरच, पण हे फी घेतानाच स्पष्ट सांगायला पाहिजे होतं, आमच्यातली एक मुलगी वाढदिवसाला द्यायचं म्हणून धरून बसली होती, तिचा हिरमोड झाला. माझी पाच भांडी भाजायला दिलेली, चार आली, एकाला बुडाशी चीर. आकार वाळून-भाजून दहा टक्क्यांच्या आसपास कमी होतो, त्यामुळं कपाचा अंदाज थोडा मोठाच धरा.

भांडी साधी लाल, झिलई नसलेली. चकचकीत रंगीत मग पाहिजे असतील तर हा क्लास तुमच्यासाठी नाही. दह्याला मात्र एक नंबर, माती पाणी शोषून घेते त्यामुळं दही घट्ट लागतं. वापरायच्या आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा आणि साबणानं घासू नका, साबण आत मुरतो.

पैसे वसूल झाले का म्हणाल तर १८०० मधे मला पहाटेची झोप मिळाली, रोज नाही पण आठवड्यातनं चार-पाच दिवस. दर महिन्याला जायची गरज वाटत नाही, एकदा चार रविवार करा आणि पुढं घरी चालू ठेवा असं मी सांगेन. एखाद्याच रविवारी गेलात तर चाकाशी झटापट करण्यातच वेळ जाईल आणि काकींचं हातावरचं काम बघायचं राहून जाईल, तेव्हा गेल्या गेल्याच काकींना विचारा.

जाताना अंगठ्या-बांगड्या घरी ठेवा, नखं कापा, जुना टॉवेल न्या. भट्टी लावतात त्या रविवारी क्लास नसतो म्हणून आधी चौकशी करूनच निघा. मी दिवाळीच्या आधी एकदा जाऊन येणार आहे, पणत्या भाजायच्यात, त्यातल्या अकरा आईनं केल्यात.