जुन्या अ‍ॅल्युमिनियम बोटीच्या बुडाच्या चिरा: दुरुस्तीनंतर एक हंगाम आणि एक हिवाळा

आधी निकाल सांगतो, मग तपशील. टिग वेल्डिंग (विजेच्या आर्कने धातू वितळवून केलेला जोड) आणि त्यावर आतून मारलेलं ठिगळ टिकलं. पत्र्यांच्या शिवणींवर ओतलेलं ग्लूव्हिट, म्हणजे पातळ इपॉक्सी, टिकलं, एक जागा सोडून. थ्रीएम ५२०० हे चिकट सीलंट लावून रिव्हेटने बसवलेला पत्रा इतका टिकला की तो काढायची पाळी वैऱ्यावरही येऊ नये. टॉर्चने वितळवून जोड भरायच्या, व्हिडिओत जादूसारख्या वाटणाऱ्या ब्रेझिंगच्या कांड्या पाण्याखालच्या भागासाठी नकोत. आणि सगळ्यांत जास्त फायदा झाला तो ट्रेलरवर केलेल्या कामाचा, बोटीवरच्या नव्हे.

बोट सोळा फुटी, रिव्हेट केलेली, मागे २५ हॉर्सपॉवरची मोटर. तळाचा पत्रा दोन मिलिमीटरच्या आसपास. मी मिनेसोटात राहतो. इथे दर चार घरांमागे एकाच्या अंगणात अशी बोट ताडपत्रीखाली पडलेली दिसते, त्यामुळे जुना माल भरपूर आणि स्वस्त. विकणाऱ्याने प्रामाणिकपणे सांगितलं होतं, "थोडं पाणी येतं, पण पंप आहे." असं कोणी म्हणालं की किंमत पाडून घ्यायची आणि तळ उघडायची तयारी ठेवायची. मी दोन्ही केलं.

मिनेसोटात एक कायदा आहे. तळ्यातून बोट बाहेर काढली की तळाचं बूच काढूनच रस्त्यावर यायचं. झेब्रा शिंपल्यांसारखे उपद्रवी जीव एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून. मला तो कायदा निदानाला फार उपयोगी पडला. बूच काढताना खाली बादली धरायची आणि किती पाणी आलं ते पाहायचं. धक्क्याला बांधून ठेवली तर जेमतेम तांब्याभर, पण वाऱ्याच्या दिवशी वेगात चालवली की पाऊण बादली. या फरकातच निम्मं निदान झालं. नुसतं भोक असेल किंवा बुचाचं रबर गेलं असेल तर बोट उभी असतानाही पाणी तेवढ्याच इमानाने येतं. चालताना जास्त येत असेल तर काहीतरी उघडतंय आणि मिटतंय. म्हणजे चीर, नाहीतर ढिली रिव्हेट.

यावर सगळे सांगतात तो उपाय म्हणजे बोट ट्रेलरवर ठेवून आत पाणी भरायचं आणि खालून कुठे थेंब पडतो ते बघायचं. उपाय चांगला आहे, पण दोन गोष्टी कोणी सांगत नाही. एक, वजन. तीन मीटर लांब, दीड मीटर रुंद जागेत दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे साडेचारशे किलो. बोटीचा तळ बाहेरून येणारा दाब सोसायला बनवलेला असतो, आतून एवढं ओझं पेलायला नाही. जरा भरा, बघा, सोडून द्या. दुसरी गोष्ट, ट्रेलरवरच्या गालिचा गुंडाळलेल्या लाकडी फळ्या, ज्यांना इथे बंक म्हणतात, त्या नेमक्या नको तिथलाच तळ झाकतात. मी बाहेरून तळाला खडूची पूड फासली, ओल आली तिथे मार्करने खुणा केल्या, मग बोट हातभर मागे ओढून पुन्हा तेच केलं. दुसऱ्या वेळी मागच्या कोपऱ्यात, फळीचं टोक जिथे संपत होतं तिथे, ओलीची एक बारीक रेघ दिसली. पहिल्या वेळी ती फळीखाली गुपचूप होती.

गळती जिथे दिसते तिथे ती असेलच असं मात्र नाही. पुढून शिरलेलं पाणी फरशीखालून, बरगड्यांच्या फटींतून वाहत मागच्या पाटीशी, म्हणजे मोटर लटकते त्या उभ्या फळीशी, येतं आणि सगळा आळ त्या पाटीवर जातो. म्हणून फरशी उचलावी लागली. खाली फोम होता. तो बोट पाण्याने भरली तरी तरंगावी म्हणून असतो, पण वर्षानुवर्षं ओल शोषून या फोमचं ओझंच झालं होतं. हाताने पिळता येत होता. फरशी मूळची नव्हती. आधीच्या कोणा मालकाने बाजारात मिळणारं प्रेशर-ट्रीटेड प्लायवूड बसवलं होतं, वाळवी आणि बुरशीपासून वाचणारं. ते वाचतं त्यातल्या तांब्यामुळे, आणि ओलं तांबं अ‍ॅल्युमिनियमला टेकलं की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. जिथे जिथे प्लायवूड टेकलं होतं तिथे पांढरी भुकटी, आणि ती खरवडली की खड्डे. एका खड्ड्यातून टॉर्चचा उजेड आरपार दिसला. घरी बोटीची फरशी बदलणार असाल तर साधं मरीन प्लाय घ्या आणि सगळ्या कडांना इपॉक्सी पाजा. बोटीत पडलेली तांब्याची नाणीसुद्धा उचलून टाका.

आता चिरांचा शोध. या कामाला डाय पेनिट्रंटच्या तीन डब्यांइतकी कामाची वस्तू मी दुसरी वापरलेली नाही. पहिल्यातलं सफाईचं द्रावण, दुसऱ्यातला लाल रंग, तिसऱ्यातला पांढरा डेव्हलपर. जागा साफ करायची, लाल फवारायचा, दहा-वीस मिनिटं थांबायचं, पुसायचं, पांढरा पातळ थर मारायचा. चिरेत मुरलेला लाल रंग पांढऱ्यात वर येतो आणि कुंकवाच्या काडीने ओढल्यासारखी रेघ उमटते. यातही काही बारकावे आहेत. आधी सँडर किंवा जोरकस वायर ब्रश चालवला तर मऊ अ‍ॅल्युमिनियम चिरेवर सारवलं जातं आणि तोंड बंद होतं, मग रंग आत जाणार कुठून? रंग कापडाने पुसायचा, द्रावण कापडावर घ्यायचं, थेट पत्र्यावर फवारायचं नाही, नाहीतर चिरेतला रंगही धुऊन जातो. आणि थंडीत हे नीट चालत नाही, निदान दहा अंश सेल्सिअस तरी हवं. इथल्या एप्रिलमध्ये म्हणजे गॅरेजात हीटर आलाच.

लाल रेघांनी दोन चिरा दाखवल्या. एक डावीकडे, मधल्या बाकाखाली, बरगडी जिथे संपते तिथे रिव्हेटच्या भोकातून निघालेली. दुसरी मागच्या कोपऱ्यात. डोळ्यांना जी बोटभर दिसत होती ती रंगात जवळजवळ दुप्पट निघाली. हे महत्त्वाचं, कारण चीर थांबवायला तिच्या टोकाला भोक पाडतात. टोक चुकलं तर भोक चिरेच्या मध्येच पडतं आणि चीर पुढे चालू. त्याशिवाय काही रिव्हेटभोवती काळपट ओघळ होते. ढिली रिव्हेट हलत राहते, घासून निघालेली काळी पूड पाण्याबरोबर बाहेर येते. असे ओघळ दिसले की ती रिव्हेट ढिली, हे न तपासता धरून चालावं.

चीर का पडली हे कळल्याशिवाय तिला हात लावण्यात अर्थ नाही, हे माझं ठाम मत. पोलादाला एक मर्यादा असते, त्याखालचा ताण कितीही वेळा आला तरी ते सोसतं. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. छोटा ताण, पण पुरेशा वेळा आला की कधीतरी चीर पडते. १९५४ मध्ये कॉमेट जातीची दोन जेट विमानं हवेत फुटली, तेव्हा इंग्लंडमध्ये फार्नबरोला आख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवून त्याच्यावर पुन्हा पुन्हा दाब देऊन धातूचा हाच थकवा सिद्ध केला होता. माझ्या बोटीत हा ताण लाटांपेक्षा रस्त्यावर जास्त येत होता. ट्रेलरच्या फळ्या मागच्या पाटीच्या वीतभर आधीच संपत होत्या. म्हणजे मोटरचं सगळं वजन त्या वीतभर अधांतरी पत्र्यावर, आणि प्रत्येक खड्ड्याला तो पत्रा फळीच्या टोकावर वाकत होता. मागची चीर बरोब्बर त्या रेषेवर होती.

म्हणून पहिलं काम फळ्यांचं. पाटीच्या खाली पूर्ण येतील अशा लांब फळ्या बसवल्या, त्याही साध्या लाकडाच्या, ट्रीटेड नव्हे. प्रवासात मोटरला खालून आधार देणारी दांडी लावली. खर्च वेल्डिंगच्या एका तासापेक्षा कमी.

वेल्डिंग मी स्वतः केलं नाही आणि करू नये असंच म्हणेन. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, त्याच्यावरचा ऑक्साइडचा थर दोन हजार अंशांच्या वर. शिवाय लोखंडासारखं ते आधी लाल होऊन इशारा देत नाही, बघता बघता भोक पडतं. दोन-तीन दुकानांनी बोट बघण्याआधीच नाही म्हटलं. त्याचं कारण जुन्या बोटींत लोकांनी चोपडलेला सिलिकॉन आणि इपॉक्सी. तो पूर्ण निघत नाही आणि वेल्ड सच्छिद्र होतो. माझ्याही चिरेवर कोणीतरी सिलिकॉन थापलेला होताच. ज्याने काम घेतलं त्याच्या अटी साध्या होत्या. चिरेपासून सगळीकडे हातभर फोम काढा, पेट्रोलची टाकी बोटीत नको, आणि ब्रेक क्लिनरने सफाई करू नका. शेवटची अट जिवावरची आहे. क्लोरिनवाल्या क्लिनरचा अंश राहिला आणि त्यावर आर्क पेटला तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

त्याने टोकांना भोकं पाडली, चिरेला व्हीसारखी खाच दिली, फक्त अ‍ॅल्युमिनियमसाठी राखलेल्या स्टेनलेस ब्रशने घासली आणि ५३५६ या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूची तार वापरून भरली. पत्रा ५०५२ या मिश्रधातूचा असावा असा त्याचा अंदाज, या बोटींत तोच जास्त असतो. वेल्डच्या आजूबाजूचा पत्रा उष्णतेने नरम पडतो, म्हणून आतून गोल कोपऱ्यांचं ठिगळ, रिव्हेट आणि सीलंट लावून. चौकोनी ठिगळाच्या कोपऱ्यातूनच पुढची चीर निघते. दोन्ही चिरांचे मिळून साधारण चारशे डॉलर गेले. बोटीच्या किमतीच्या मानाने जास्त वाटतात, पण कुरकुर नाही.

बाकीचं घरी. ढिल्या रिव्हेट पुन्हा ठोकायला दोन माणसं लागतात, एक बाहेरून हातोडी घेऊन आणि एक आतून लोखंडाचा ठोकळा दाबून. बायकोने ठोकळा धरला आणि शेजाऱ्यांनी आठवडाभर चौकशी केली. शिवणींवर ग्लूव्हिट ओतलं. हे दोन भागांचं इपॉक्सी असून पातळ असतं, बोट तिरकी केली की शिवणीतून स्वतःच वाहत जातं. आरपार खड्ड्यावर ५०५२ चाच तुकडा, मध्ये थ्रीएम ५२००, वरून बंद टोकाच्या रिव्हेट. ५२०० वाळायला आठवडा लागतो, घाई असेल तर घेऊ नका. तळाच्या कण्यावरच्या ओरखड्यांना वेस्ट सिस्टिम कंपनीचं जी-फ्लेक्स हे इपॉक्सी. ते लावताना ओल्या इपॉक्सीतच वायर ब्रशने घासायचं, म्हणजे हवा लागून नवा ऑक्साइड चढायच्या आत पकड मिळते.

ब्रेझिंगच्या कांड्या मी आधी भंगार पत्र्यावर करून पाहिल्या. छोट्या तुकड्यावर छान बसल्या. मोठ्या पत्र्यावर टॉर्चची उष्णता इतकी भराभर पसरते की कांडी वितळते पण पत्र्याला धरत नाही, नुसती वर बसून राहते. शिकंज्यात धरून वाकवला तर जोड कटकन सुटला. बाकाच्या पट्टीतलं किंवा पाण्याच्या रेषेवरचं जुनं भोक बुजवायला ठीक.

हंगामभर बोट जास्तकरून मिल लॅक्सवर नेली. ते तळं सव्वा लाख एकरांहून मोठं, पण सर्वांत खोल जागा ४२ फूट. त्यामुळे वारा सुटला की आखूड, उभ्या लाटा येतात आणि बोट दणादण आपटते. दुरुस्तीची परीक्षा घ्यायला याहून कडक जागा नको. बुचातून येणारं पाणी आता पेलाभर, त्यातलंही बरंचसं बुटांवरून आणि माशांच्या जाळीवरून आलेलं. हिवाळ्याची मला जास्त धास्ती होती, कारण ठिगळाखाली पाणी अडकलं तर गोठताना ते नऊ टक्क्यांनी फुगतं आणि सीलंट उचकटतं. बोट नाक वर करून, बूच काढून ठेवली. वसंतात दोन्ही वेल्डवर पुन्हा लाल रंग मारला, रेघ उमटली नाही. पुढच्या शिवणीत मात्र ग्लूव्हिटचा वीतभर पट्टा सुटला. तिथे खाली जुन्या सिलिकॉनचा तेलकटपणा राहिला असणार.

उजवीकडची एक रिव्हेट अजून पाझरते. ती काढून एक माप मोठी घालायची आहे. त्यासाठी बोट उलटी करावी लागेल आणि त्याला चार माणसं हवीत. माझी चारही माणसं सध्या मंडळाच्या गणपतीच्या मखरात अडकली आहेत, त्यामुळे ते काम विसर्जनानंतर, पहिलं बर्फ पडायच्या आत.