गोल झालेल्या बोल्टसाठी उलट्या पिळाच्या गोट्या: काही महिन्यांच्या वापरानंतर

गोटी म्हणजे सॉकेट, बोल्टच्या डोक्यावर टोपीसारखी बसते; तिच्या मागच्या चौकोनी भोकात रॅचेट (दात्यांचा दांडा) बसतो. माझा ३/८ ड्राइव्हचा (चौकोन ३/८ इंच) दहा गोट्यांचा सेट, ८ ते १९ नंबर (मिमी). आतून उलट्या पिळाच्या धारा, बाहेरून षटकोन. पावसाळ्याआधी घेतलेला. दहांपैकी सारख्या हातात येतात त्या चारच: ९, १०, १२ आणि १४. मारुती आणि एकूणच जपानी धाटणीच्या इंजिनांवर एम६ (६ मिमी जाडीच्या) बोल्टला १० चं, एम८ ला १२ चं आणि एम१० ला १४ चं डोकं असतं, म्हणून. ९ चा नंबर या हिशोबात कुठेच बसत नाही, पण सगळ्यात जास्त तीच गोटी उपयोगी पडते. कोकणपट्टीत फिरलेल्या गाडीच्या हीट शील्डचा (एक्झॉस्टवरच्या पत्र्याचा) बोल्ट गंजून इतका झिजतो की १० चं डोकं १० चं राहतच नाही. सेट घेताना नग मोजू नका, झिजलेल्या १० आणि १२ साठी ९ आणि ११ आहेत का ते बघा.

या गोट्या सोडवायच्या दिशेलाच चावतात. जितका जोर, तितकी धार डोक्यात रुतते. आवळायच्या दिशेला पकड नाही. त्यामुळे आधी किंचित आवळून गंज तोडायचा, मग सोडवायचा, ही गॅरेजातली युक्ती इथे चालत नाही. ती कडा शाबूत असतानाच, सहा कोनी गोटीने करून घ्यायची. बाराकोनी रिंग पाना गंजलेल्या बोल्टवर लावला की जोर फक्त कोपऱ्यांवर येतो, आणि निम्मे बोल्ट तिथेच गोल होतात.

अडचणीच्या जागेत खरा प्रश्न उंचीचा. ओम्नी किंवा ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली. तिथे गोटी आणि त्यावर रॅचेटचं डोकं असं दोन्ही मावेलच असं नाही. या सेटचा बाहेरचा षटकोन इथे कामी येतो: रॅचेट बाजूला ठेवायचं आणि गोटीवर रिंग पाना घालायचा, उंची जवळपास निम्मी होते. बाहेरून गोल असलेले सेट स्वस्त मिळतात, पण इंजिनच्या कामाला ते घेऊ नयेत. रॅचेट लावायला जागा असेल तर ७२ दात्यांचं घ्या, ५ अंश हललं तरी दाता पडतो. ३६ दात्यांना १० अंश लागतात, आणि पाइपांच्या मधे तेवढे मिळत नाहीत. नकल जोड (रॅचेट आणि गोटीमधला वाकणारा सांधा) मात्र लावू नका. गोटी तिरकी होते, धार एकाच बाजूने खाते आणि डोक्याचा उरलासुरला भागही सोलून निघतो.

गोटी बसवणं हेच निम्मं काम. डोक्यावरचा गंज तारेच्या ब्रशने काढा, नाहीतर धारांच्या मधे भुगा भरतो. गोटी हाताने सहज खाली गेली तर ती मोठी आहे, एक नंबर खाली या. ती तोंडाशी अडली पाहिजे आणि पुढे ठोकूनच गेली पाहिजे. हातोडी पोचत नसेल तर गोटीच्या चौकोनात जुनं लांब एक्स्टेन्शन (जोडदांडा) घालून त्याच्या टोकावर ठोका. तेही जमत नसेल तर समोरच्या चॅसीवर टेकू घेऊन पहारीने गोटी दाबून धरा. ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटवर ठोकताना हात आवरा, ब्रॅकेटचा कान तुटला तर बोल्टपेक्षा मोठं काम निघतं.

या सेटमधली खरी खोट गोटीच्या तोंडाशी आहे. आत जायला सोपं पडावं म्हणून तिथे उतार दिलाय, त्यामुळे पहिल्या दीड-दोन मिलिमीटरला धारच नाही. एम६ च्या डोक्याची उंचीच ४ मिमी, म्हणजे पकड उरते निम्मी. ९ आणि १० च्या गोट्यांचं तोंड ग्राइंडरवर सपाट करून घेतलं तेव्हापासून त्या पातळ डोक्यांनाही धरतात. घासताना सारखं पाण्यात बुडवायचं. धातू निळा पडला की त्याचं पाणी (कडकपणा) उतरलं समजा.

गोटी आता घसरत नाही म्हणून दुसरा धोका येतो: बोल्टच तुटतो. एम६ चा नेहमीचा टॉर्क (आवळायचा पीळ) साधारण १० न्यूटन-मीटर, आणि लांब दांड्याच्या पान्याने हात नकळत त्याच्या कितीतरी पुढे जातो. हाताला येणारा फरक ओळखा. ‘कट्’ असा आवाज येऊन बोल्ट सुटला तर ठीक. आवाज नाही, पाना फिरतोय, पण चिवट रबरासारखा, तर बोल्ट पिळला जातोय. तिथेच थांबा. गंज सोडवायचं तेल मारा आणि निदान रात्रभर मुरू द्या. बोल्ट ॲल्युमिनियममधे असेल तर बोल्ट नाही, भोवतालचा भाग गरम हवेच्या गनने तापवा. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, आटे मोकळे होतात. जवळ पेट्रोलची नळी किंवा वायरिंग असेल तर हा उपाय सोडा. तापलेल्या एक्झॉस्टवर तेलाचा फवारा तर कधीच नको, पेट घेतो. एम६ ला इम्पॅक्ट गनही (ठोके देत फिरवणारं यंत्र) नको. मोठ्या बोल्टला लावायची तर गोटी क्रोम-मॉली पोलादाचीच हवी, क्रोम-व्हॅनेडियमची तडकते.

निघालेला बोल्ट गोटीत घट्ट अडकून बसतो. चौकोनाच्या बाजूने पंच घालून ठोकला की बाहेर येतो, नाहीतर बोल्ट वाइसमधे धरून गोटी उजवीकडे फिरवायची.

डोकं पूर्ण शंकूसारखं झालं असेल तर हा सेट विसरा. बाजूला जागा असेल तर ग्रिप प्लायर, नसेल तर डोक्यावर नट वेल्ड करणं. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर आणि अल्टरनेटरचा प्लग काढा. एलन बोल्टला (डोक्यात षटकोनी खड्डा असलेल्या) तर ही गोटी लागूच पडत नाही. ५ ची एलन की घसरत असेल तर टी३० नंबरचं टॉर्क्स (सहा टोकांच्या ताऱ्याचं) बिट ठोकून बसवा, बहुतेक वेळा निघतो.

आतापर्यंत १० च्या धारांची टोकं बोथट झालीत, १६ पासून वरच्या गोट्या कोऱ्या आहेत. १० ची सुटी मिळत असेल तर सेटबरोबरच एक जादा घेऊन ठेवा.